एकतीस घरांतलं काळं मशीन

मशीनकाकूंना खऱ्या नावाने हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्यांचे सासरे, आणि तेही फक्त रागावले की. बाकी सगळ्या रस्त्याच्या त्या मशीनकाकू. दुकान सासऱ्यांनी थाटलेलं, शिलाई मशीनच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं. बोळासारखं लांबट आणि अरुंद. पुढे काचेची खिडकी, तिच्यात मांडलेलं एक मशीन. मध्ये काउंटर, त्याच्यामागे काकू. आणि अगदी मागे, भर दुपारीही दिवा लावावा लागेल अशा जागी, काकांचं दुरुस्तीचं टेबल. काका इतके कमी बोलत की नवी गिऱ्हाइकं त्यांना बहिरे समजून मोठ्याने बोलायची. काका तेही ऐकून घ्यायचे.

काकूंची एक पद्धत होती. कुठलंही नवं मॉडेल आलं की ते आधी दुकानात नाही, घरी जायचं. आठ दिवस. त्या आठ दिवसांत काकू त्याच्यावर उशांचे अभ्रे शिवत, पडदे शिवत, सासऱ्यांच्या पँटी आखूड करत, जाड कापड घालत, पातळ कापड घालत. आठ दिवसांत सून कळते असं सासरे म्हणत, ते काही खरं नाही; पण मशीन कळायचं. नवव्या दिवशी ते एक तर दुकानाच्या काचेत यायचं, नाही तर आलं तसं परत जायचं. एकदा एका फार मोठ्या नावाच्या मशीनने सहाव्या दिवशी सासऱ्यांच्या पांढऱ्या शर्टावर तेलाचा थेंब टाकला. सासरे म्हणाले, "शर्ट गेला, अब्रू वाचली." मशीन त्याच संध्याकाळी परत गेलं.

दुसरी पद्धत अशी, की मशीन विकल्यावर तीन महिन्यांनी काकू हातात तेलाची बुधली आणि फडकं घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायच्या. कुणी बोलावलेलं नसे. मशीन उघडायच्या, पुसायच्या, चार थेंब तेल सोडायच्या, चहा घ्यायच्या आणि यायच्या. त्यामुळे "काकूंनी आठ दिवस घरी चालवलंय ना, मग झालं" हे त्या रस्त्यावर कंपनीच्या शिक्क्यापेक्षा मोठं मानलं जायचं. दुकानात कुणी घासाघीस केली तर मागे उभं असलेलं दुसरं गिऱ्हाईकच त्याला गप्प करायचं.

मग तयार कपड्यांचे दिवस आले. लोक शिवेनासे झाले. तीन महिन्यांनी घरी जावं तर मशीनवर टेबलक्लॉथ आणि त्याच्यावर टेलिफोन. दुकानात आठ-आठ दिवस फक्त सुया आणि बॉबिन खपायच्या.

"आई, आता लोक शिवत नाहीत, खेळतात," कॉलेजात जाणारी लेक म्हणाली. "व्हिडिओ गेम ठेव."

"मी काय ठेवते? मला त्यातलं काय कळतं?"

"तेही मशीनच आहे की."

हे शेवटचं वाक्य काकूंच्या मनात बसलं.

पूर्वी सुया-दोरे पुरवणारे एक गृहस्थ आता त्याच धंद्यात गेले होते. लठ्ठ, उन्हातही टाय लावणारे, आणि कायम एक भली मोठी सुटकेस ओढत येणारे, म्हणून सगळे त्यांना सुटकेसवाले म्हणत. त्यांनी दोन व्हिडिओ गेम आणून काउंटरवर ठेवले. दोन वेगळ्या कंपन्यांचे. एक काळा, एक राखाडी. दोन्ही टीव्हीला जोडायचे, वरून गेमची कॅसेट खोचायची आणि हातातल्या रिमोटची बटणं दाबून खेळायचं. दोन्ही कंपन्यांची अट एकच होती: आमचा ठेवाल तर दुसऱ्याचा ठेवायचा नाही.

"काळाच घ्या काकू," सुटकेसवाले म्हणाले. "ह्याच्या आत जे आहे ना, ते राखाडीच्या चौपट आहे. चित्र बघाल तर—"

"ते राहू दे. दोन्ही घरी ठेवून जा. आठ-आठ दिवस."

"अहो, हे शिलाई मशीन नाही."

"मशीन आहे ना?"

"आहे."

"मग ठेवून जा."

आधी राखाडी लावलं. वजनाला हलकं, वाजवून पाहिलं तर पोकळ डब्यासारखं. चित्र एवढं जाडंभरडं की उड्या मारतोय तो माणूस आहे की इस्त्री, हे सासऱ्यांना पहिले दोन दिवस कळलं नाही. तिसऱ्या दिवशी एका रिमोटचं बटण अडकलं, काकांनी ते पिनेने मोकळं केलं. खोक्यात रिमोट दोन होते, त्यामुळे लेक आणि काका शेजारी शेजारी बसून खेळत. एकाने उडी मारायची, दुसऱ्याने खड्ड्यात पडायचं आणि दोघांनी खिदळायचं. एकदा काकू स्वयंपाकघरात असताना बाहेरून कुणीतरी ओरडलं, "अगं पळ, पळ, मागे आला बघ!" कोण पाहुणा आलाय म्हणून त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या, तर ते काका होते.

"हे काय माकडचाळे," सासरे म्हणाले. शेजारच्या दोन बायका काय झालं म्हणून डोकावल्या त्या तासभर बसल्या.

काकूंची एक वही होती, मशीनच्या परीक्षेची. तिच्यात त्यांनी आठव्या दिवशी लिहिलं: "हलकं. बटण अडकतं. आवाज फार."

मग काळं लावलं. हाताला जड, अंगाने गुळगुळीत. तासन्‌तास चाललं तरी तापत नव्हतं. चित्रात झाडाचं पान न्‌ पान वेगळं. खोक्यात रिमोट एकच होता आणि कॅसेटही एकच, मोटारींच्या शर्यतीची. तो रिमोट पहिल्याच दिवशी सासऱ्यांच्या हातात गेला आणि आठ दिवस कुणाला मिळाला नाही. आयुष्यात कशालाही चांगलं न म्हणालेला तो माणूस पाठीला उशी लावून, दात-ओठ खाऊन, एक अक्षर न बोलता मोटार हाकत बसला. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. लेक थोडा वेळ मागे उभी राहायची आणि अभ्यासाला निघून जायची. राखाडी होतं तेव्हा काका दुकानातून लवकर येत, तेही आता उशिरा येऊ लागले.

आठव्या दिवशी सासरे म्हणाले, "मशीन म्हणजे असं पाहिजे."

काकूंनी लिहिलं: "जड. तापत नाही. बटणं पक्की. आवाज अजिबात नाही." आणि काळं मशीन दुकानाच्या काचेत आलं.

ते खपलं. चित्र लोकांना बाहेरूनच खेचून घ्यायचं. लोक काचेला नाक लावून उभे राहायचे, मग आत यायचे, आणि काकू एकच वाक्य म्हणायच्या, "आठ दिवस माझ्या घरी चाललंय." मशीन महाग होतं. दुसरा रिमोट हवा तर तो वेगळा विकत घ्यायचा होता आणि त्याची किंमत ऐकून लोक "बघू पुढे" म्हणायचे. कॅसेटी आणखी चार आल्या होत्या. पुढच्या महिन्यात पुष्कळ येणार, असं सुटकेसवाले सांगत. तीन महिन्यांत काळं मशीन एकतीस घरांत गेलं. इतकी विक्री दुकानाने शिलाई मशीनच्या भरभराटीतही पाहिली नव्हती. सासरे काउंटरवर येऊन बसू लागले आणि गिऱ्हाइकांना शर्यतीतली अवघड वळणं हाताने हवेत काढून दाखवू लागले.

तीन महिने झाले तशा काकू निघाल्या. तेल लागणार नव्हतं, तरी सवयीने बुधली पिशवीत टाकली होती.

पहिलं घर नर्सबाईंचं. बाई रात्रपाळी करून दुपारी उठल्या होत्या. टीव्हीखाली काळं मशीन होतं, त्याच्यावर भरतकामाचं झाकण.

"काय त्रास देतंय का?" काकूंनी विचारलं.

"छे हो. काही नाही."

"तापतं? बटण अडकतं?"

"कुठलं काय. ठणठणीत आहे."

काकूंनी झाकण काढलं, बोट फिरवलं. धूळ नव्हती, नर्सबाई स्वच्छ बाई. पण मागची वायर गुंडाळून तिला दोरा बांधलेला होता.

"लावत नाही वाटतं?"

नर्सबाई जरा ओशाळल्या. "काकू, खरं सांगू? ती शर्यत संपली. मग मासे पकडायचा आणला, तोही संपला. बाकीचे तीन मुलांना नकोत. आता त्याच्यात घालायचं काय? मुलं शेजारी जातात. त्यांच्याकडे राखाडी आहे ना."

तेवढ्यात भिंतीपलीकडून मोठा आरडाओरडा आला, पाच-सहा आवाज, त्यात एक म्हाताऱ्या बाईचा. "ऐका," नर्सबाई म्हणाल्या, "आमचा धाकटा त्यातलाच. आणि ती ओरडतेय ती त्यांची आजी."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी मशीन कपाटावर. चौथ्या घरी मशीनवर टेलिफोन ठेवलेला. त्या दिवशी सात घरं झाली. सातही मशीनं उत्तम होती आणि सातही बंद होती. शिलाई मशीन बंद पडलं तर सुई वाकडी असते, पट्टा सैल असतो, काहीतरी हाताला लागतं. इथे हाताला काही लागत नव्हतं.

घरी आल्या तर सासरे खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, तुम्ही शर्यत खेळत नाही आताशा?"

"जिंकलो की ती," सासरे म्हणाले. "सगळ्यांना हरवलं. आता परत कुणाशी लावू?"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीआधी सुटकेसवाले आले ते सुटकेस न घेताच. इकडे-तिकडे बघून काउंटरवर ओणवे झाले. "काकू, एक आतली गोष्ट आहे. काळी कंपनी पुढच्या महिन्यात गाशा गुंडाळतेय. मशीन बंद, कॅसेटी बंद. अजून कुठे जाहीर नाही."

"बंद? एवढं चांगलं मशीन?"

"मशीनला कोण नावं ठेवतंय. गेम कुठे आहेत? गेम करणारे लोक वेगळे असतात. ते म्हणतात, आधी घराघरांत मशीन जाऊ द्या, मग आम्ही गेम काढू. आणि घरातले लोक म्हणतात, आधी गेम येऊ द्या, मग आम्ही मशीन घेऊ. ते म्हणतात ना, लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही."

"मग राखाडीचं लग्न कसं झालं?"

"त्यांनी मशीन स्वस्तात सोडलं. जवळजवळ पदरचं घालून. वर पहिल्या दिवशीच वीस कॅसेटी आणल्या, खोक्यात दोन रिमोट टाकले. गेम करणाऱ्यांनी पाहिलं, हे घरोघर चाललंय. गेले सगळे तिकडे. आमच्या लोकांनी चित्र सुधारण्यातच सगळा दम घालवला."

काकूंनी काउंटरवरची धूळ फडक्याने पुसली. मग म्हणाल्या, "शिलाई मशीनला कापड गिऱ्हाईक आणतं. मशीन चांगलं असलं की माझं काम संपलं. ह्याला कापडही तुम्हीच आणायचं होतं."

"कसलं कापड?"

"काही नाही."

"तर सांगायचं ते असं," सुटकेसवाल्यांनी आवाज आणखी खाली आणला, "तुमच्याकडे चौदा खोकी आहेत. पंधरा दिवसांत काढून टाका. तुमचा शब्द चालतो. झाकली मूठ सव्वा लाखाची."

नेमका त्याच वेळी शिंपीमामा आत आला. चौकातला शिंपी, त्याच्या दुकानातली तिन्ही मशीनं काकूंकडची. त्याच्या लेकीला बरं नव्हतं, सहा महिने अंथरुणातच राहावं लागणार होतं, आणि तिच्यासाठी त्याला व्हिडिओ गेम हवा होता.

"काकू, ते काळं एक द्या."

"बघून तर घ्या," सुटकेसवाले तत्परतेने म्हणाले.

"बघायचं काय? काकूंनी आठ दिवस चालवलंय. बांधा."

काकूंचा हात खोक्याकडे गेला. गेला तो खोक्यावरच राहिला. चौदा खोकी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. वर्षभराची पुंजी त्यांच्यात होती आणि खिडकीत ठेवायला दुसरं काही नव्हतं. मागे काकांचा स्क्रू फिरवण्याचा आवाज थांबला होता.

"हे नका घेऊ," काकू म्हणाल्या.

"का? बिघडलंय?"

"नाही. बिघडलेलं नाही. पण ह्याच्या कॅसेटी यायच्या बंद होणार आहेत. पाच आहेत तेवढ्याच. पोरगी सहा महिने पडून राहणार, दीड महिन्यात पाचही संपतील. मग ती भिंतीकडे बघत बसेल."

सुटकेसवाल्यांचा चेहरा टायच्या रंगाचा झाला, आणि टाय लाल होता. शिंपीमामा एकदा काकूंकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला. "मग कुठलं घेऊ?"

"राखाडी. माझ्याकडे नाही. पलीकडच्या चौकात मिळेल."

तो गेल्यावर सुटकेसवाले भडकले. "काकू, हे काय केलंत? विश्वासाने आतली गोष्ट सांगितली!"

"तुम्ही मला विश्वासाने सांगितलीत, खरं. पण तो विश्वासाने घ्यायला आला होता."

"उद्यापासून सुयादेखील मिळायच्या नाहीत माझ्याकडून!"

"सुया कुठेही मिळतात हो," मागून आवाज आला. काका होते. आयुष्यात पहिल्यांदाच काका दुकानात इतक्या मोठ्याने बोलले असतील. बोलून लगेच पुन्हा दिव्याखाली वाकले.

तेव्हाचं धैर्य चांगलं होतं, पण दुपारी शटर अर्धं ओढून दोघं डबा उघडून बसले तेव्हा काकूंनी पोळी तशीच ठेवली.

"ह्याला वाचवलं," त्या म्हणाल्या, "पण ते एकतीस?"

"तू काय मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम नाही, पण मी केलं ना? अहो, मी वहीत काय लिहिलं होतं माहीत आहे? राखाडी, आवाज फार. तो आवाज मशीनचा नव्हताच. तुमचा होता."

काका चांगलेच लाजले. "मी जरा जास्तच ओरडलो का?"

"नाही हो. मीच उलटं ऐकलं. शिलाई मशीनच्या कानाने ऐकलं. उद्या कुणी विचारायला आलं तर कोणत्या तोंडाने सांगू, की आठ दिवस घरी चालवलंय?"

काकांनी डबा बंद केला. "मग सांगून ये," ते म्हणाले. "लोकांना दुसरीकडून कळण्याआधी."

काकू निघाल्या. ह्या खेपेला पिशवी नव्हती, बुधली नव्हती. हात कुठे ठेवावेत हेच कळत नव्हतं. एकतीस घरं, पाच दिवस. दारात उभं राहून तेच सांगायचं: मशीनचे गेम बंद होणार, मला ओळखता आलं नाही, चूक माझी. ज्याला नको असेल त्याने परत आणून द्यावं आणि त्या मोलाचं दुकानातलं काहीही न्यावं. रोख द्यायला नव्हती, तेही त्यांनी तसंच सांगून टाकलं.

पुष्कळ लोक चांगले वागले. नर्सबाई म्हणाल्या, "राहू द्या हो, मी रविवारी मासे पकडते त्याच्यावर. माणसांपेक्षा मासे बरे." एकाने सांगितलं की ह्याला गेमच नाहीत हे त्याला दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं, पण काकूंना वाईट वाटेल म्हणून बोलला नाही. हे ऐकून काकूंना जास्तच वाईट वाटलं. एका म्हातारबुवांनी त्यांना बसवून घेतलं आणि स्वतः आजवर फसून घेतलेल्या सगळ्या वस्तूंची यादी सांगितली, छत्रीपासून जावयापर्यंत.

एकोणतिसावं घर कंपाउंडरचं. डॉक्टरांच्या दवाखान्यात औषधं बांधून देणारा, तिरसट माणूस. तो दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही.

"मी कंपनीचं नाव बघून घेतलं नव्हतं," तो म्हणाला. "जाहिरात बघून घेतलं नव्हतं. पलीकडे स्वस्त मिळत होतं, बायको तेच म्हणत होती. मी तिच्याशी भांडलो. काकूंचा शब्द आहे म्हणालो."

काकूंनी मान खाली घातली.

"आता मी बायकोला काय सांगू?"

काकू जिना उतरल्या. उरलेली दोन घरं त्यांनी कशी केली हे त्यांना नंतर आठवत नसे.

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर मशीन घेऊन आला आणि ते त्याने काउंटरवर आदळलं. काच वाजली. "त्या मोलाचं काहीही म्हणालात ना? काय आहे?"

दुकानात होतं काय? शिलाई मशीन. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. त्याच्या घरात कुणाला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. पण हात हलवत परत जाणं त्याच्या रागाला परवडणारं नव्हतं. "द्या ते!" म्हणाला आणि सगळ्यात जड होतं ते उचलून, धापा टाकत, रस्त्याने घेऊन गेला. सासरे काउंटरवरून म्हणाले, "सूनबाई, धंदा वाढतोय आपला." काकूंना हसू आलं नाही.

आणखी आठ जणांनी काळी मशीनं परत आणली. काहींनी शिलाई मशीन नेलं, काहींनी आयुष्यभर पुरतील इतकी रिळं. ती परत आलेली नऊ आणि ती चौदा, अशी तेवीस मशीनं काकांच्या टेबलामागे भिंतीसारखी रचली गेली. काचेत काकूंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली: "ह्या मशीनचे गेम पाच आहेत. सहावा येणार नाही. विचार करून घ्यावे." असली पाटी लावून वस्तू विकणारं दुकान लोकांनी पाहिलं नव्हतं, काही जण नुसती पाटी वाचायला यायचे. अधूनमधून एखादं खोकं मात्र जायचं. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "पाच? पुष्कळ झाले. मी तीस वर्षं एकच पुस्तक शिकवलं."

पण "कोणतं घेऊ?" असं कुणी विचारत नव्हतं. घासाघीस करायचे, सुट्टे पैसे मागायचे, पत्ता विचारायचे. तो एक प्रश्न दुकानातून गेला होता. काकूंना दुकान बसण्याची भीती होतीच, पण दिवसभर कान लागून राहायचा तो ह्या प्रश्नाकडे.

एका रविवारी त्यांनी लेकीला मैत्रिणीकडचं राखाडी मशीन आणायला लावलं. स्वतः पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरत बसल्या आणि नुसतं ऐकलं. कोण कितीदा हसतं, हरलेला माणूस "परत, परत" म्हणतो की रिमोट ठेवून उठतो, पहिल्यांदा खेळणाऱ्याला लगेच काही जमतं का, शेजारची माणसं येतात का. दोन तासांनी बाहेर आल्या तर सासरे आणि काका हमरीतुमरीवर आलेले.

"बाबा, तुम्ही मला खड्ड्यात ढकललंत!"

"मग तू कशाला मधे आलास? बापाच्या वाटेत यायचं नसतं!"

काकूंनी वही काढली आणि नवीन पानावर बरंच काही लिहिलं.

दोन महिने गेले. एका सकाळी, दुकान उघडून झाडून घेत होत्या तोवर, दारात कंपाउंडर उभा. काकूंच्या हातातला झाडू तसाच राहिला. काका मागून हळूच उठून उभे राहिले.

कंपाउंडर घसा साफ करत म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला व्हिडिओ गेम घ्यायचाय."

"बरं."

"तर कोणतं घ्यावं, ते विचारायला आलो."

काकूंना वाटलं, टोमणा असेल. त्यांनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तोंड नेहमीसारखंच तिरसट होतं. "मला विचारताय?"

"मग कुणाला विचारू? पलीकडचा म्हणतो सगळीच चांगली आहेत."

"सध्या राखाडी घ्यायला सांगा," काकू म्हणाल्या. "पण त्यांचं नवं येणार आहे असं ऐकते. त्याला जुन्या कॅसेटी चालतील की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. घाई नसेल तर महिनाभर थांबायला सांगा. कळलं की मी निरोप पाठवते."

"थांबेल. त्याला कुठे काम आहे."

एवढं बोलून तो जाईल असं वाटलं, पण तो गेला नाही. काखेतली कागदी पिशवी त्याने काउंटरवर ठेवली, परत उचलली, परत ठेवली. शेवटी तिच्यातून एक निळा शर्ट काढून पसरला. शिवण सरळ होती, टाके एकसारखे होते. पण उजवी बाही डावीकडे आणि डावी उजवीकडे लागली होती, त्यामुळे शर्ट पाठमोऱ्या माणसासारखा दिसत होता.

"कुणी शिवला?" काकूंनी विचारलं.

"मी," कंपाउंडर शर्टाकडेच बघत म्हणाला. "घरात पडून होतं मशीन. बायको रोज बोलायची. म्हटलं, बघू तरी. हा तिसरा. पहिल्या दोन शर्टांना गळाच नव्हता."

मागे काका खोकले. खोकला बराच वेळ चालला.

काकूंनी चष्मा लावला, बाही उलटी करून टाका पाहिला, नखाने ओढून पाहिला. "टाका चांगला पडलाय," त्या म्हणाल्या. मग स्टूल पुढे सरकवलं, खणातून टाके उसवायची छोटी कात्री काढली आणि शर्ट मांडीवर घेतला.

"बसा. दवाखाना किती वाजता उघडतो?"

"दहाला."

"पुष्कळ वेळ आहे. ही बाही मी उसवते. ती दुसरी तुम्ही उसवा."

कंपाउंडर बसला.